जेवणाआधीचा शब्द

मी शब्दकोश बोलतोय. इंग्रजी-मराठी. गोड बोलेन अशी अपेक्षा ठेवू नका, माझं डोकं फिरलेलं आहे.

छापखान्यातून आलो तेव्हा चांगला जाडजूड होतो. वाटलं होतं, कुणाचं काही अडलं की मला उघडतील. पण पडलो एका निवृत्त हेडक्लार्कच्या हाती. या गृहस्थाने समजून घ्यायला म्हणून मला कधी उघडलंच नाही. उघडलं ते दुसऱ्याला तोंडघशी पाडायला.

त्या घरात एक नियम होता. ताटं वाढून झाली की तो मला मांडीवर घ्यायचा आणि सुनेला इंग्रजी शब्द विचारायचा. अवघड नाही, रोजचेच: गेट, टेक, फाइन. सगळे अर्थ सांगेपर्यंत तिने ताटाला हात लावायचा नाही. सासू तिच्यासाठी थांबायची. स्वतः मात्र त्याने दुपारी तेवढंच पान घोकलेलं असायचं, लबाड! नवरा मान खाली घालून जेवत राहायचा. त्याचाही मला तिटकारा आहे.

मग सुनेला एका दवाखान्याच्या स्वागतकक्षात नोकरी लागली. सासऱ्याचा नुसता जळफळाट झाला.

"पेशंट म्हणाला, नाक रन होतंय, तर नाकामागे धावणार का तू? आज सगळे अर्थ सांगितलेस तरच उद्या जायचं. सांग, रन!"

"धावणं. दुकान चालवणं. नाक गळणं. निवडणुकीला उभं राहणं. नळाचं पाणी वाहणं." जरा थांबून ती म्हणाली, "आणि धुताना कपड्याचा रंग जाणं."

"शेवटचं चूक. पुस्तकात नाही."

नाही? तो अर्थ माझ्या अंगावर स्वच्छ छापलेला होता आणि याने त्यावर अंगठा दाबून धरला होता! माझ्या नावाने धडधडीत खोटं! मला हात असते तर थोबाडीत दिली असती.

"दाखवा बघू," सून म्हणाली.

त्याने मला फाडकन मिटलं. "माझ्यावर विश्वास नाही? उद्या कुठेही जायचं नाही!"

"उद्याचं उद्या बघू ना, बाबा," नवरा पुटपुटला.

सुनेने ताट पुढे ओढलं आणि पहिला घास घेतला. "बाबा, मी परवानगी मागितली नव्हती. उद्यापासून जातेय, एवढं कळवलं होतं."

"बघत काय बसलीयेस?" तो बायकोवर ओरडला. "सांग तिला काहीतरी!"

सासूने स्वतःचं ताट सुनेपुढे सरकवलं. "हे गार झालं. मला गरम वाढ गं. तू यायच्या आधी ही परीक्षा मी देत होते."

आता सून रोज कामावर जाते. तो अजूनही मला घेऊन बसतो, शब्द विचारतो, आणि बाकीचे जेवत राहतात. तुम्हाला त्याची दया येत असेल. मला येत नाही. तुमच्यात कुणी रद्दीवाला असेल तर या घरी या. मला तराजूत टाका, पानं फाडा, त्यांत खिळे बांधा, स्क्रू बांधा. त्या माणसाच्या मांडीवर मला आता एक दिवसही काढायचा नाही.