एकाच नावाच्या दोन फायली

राजेंद्र नगरातल्या मराठी मंडळासाठी देवयानीने हौसेने वेबसाइट बनवली होती. घरातल्या वडीलधाऱ्यांचे आवाज लोकांनी तिथे अपलोड करायचे, म्हणजे ते जपले जातील. नोकरी सांभाळून तिने महिनाभर कोड लिहिला. फाइल फार मोठी नको, ऑडिओच हवी, ऑडिओच्या नावाखाली कुणी भलतंच काही घुसवायला नको, सगळ्याचा बंदोबस्त केला.

स्नेहलतागंजातले शामकाका रेल्वेतून निवृत्त झालेले. यशोधराकाकूंना जाऊन तीन वर्षं झाली होती. त्यांच्या आवाजाचं एकच रेकॉर्डिंग उरलं होतं. गराडूच्या कंदाचे तुकडे कसे तळायचे ते मुलीला, शर्वरीला, सांगता सांगता काकू मध्येच हसतात. देवयानीने ते स्वतः चढवून दिलं. फाइलचं नाव होतं ‘आई’.

“आता अगदी निर्धास्त राहा काका,” ती म्हणाली होती.

फेब्रुवारीत काकांचा फोन आला. “देवयानी, जरा बघ ना. काकूच्या जागी कोणी दुसरीच बाई बोलतेय.”

तिने लगेच बघितलं. जानेवारीत देवांश नावाच्या सभासदाने आपल्या आईचं रेकॉर्डिंग टाकलं होतं. त्यानेही नाव ‘आई’च ठेवलेलं. आलेल्या नावानेच फाइल साठवायची, असं तिने कोडमध्ये लिहिलं होतं. सर्व्हरने न विचारता जुनीवर नवी ठेवली. बॅकअप फक्त सात दिवसांचा, त्यामुळे जुनी फाइल तिथेही उरली नव्हती. तिने कोड त्याच दुपारी दुरुस्त केला आणि काकांकडे गेली.

“तुमच्या फोनमध्ये असेल ना?”

“फोनमध्ये जगहच नव्हती. तू निर्धास्त राहा म्हणालीस म्हणून डिलीट केलं.”

“शर्वरीकडे?”

“तिचा फोन तर पिछले साल बसमध्ये चोरीला गेला.”

“चूक माझी आहे काका. प्रत्येक फाइलला सर्व्हरने स्वतःचं वेगळं नाव द्यायला हवं होतं. दोन ओळींचं काम होतं.”

काका “चहा ठेवतो” म्हणून आत गेले. नळ वाहत राहिल्याचा आवाज येत होता. बाहेर आले ते रिकाम्या हातांनी.

“त्या दुसऱ्या बाईंचं काढू नकोस हं,” ते म्हणाले. “काकूचा आवाज डोक्यात आहे गं माझ्या. पण तुला ऐकवू कसा?”

देवयानी निघायला उठली नाही. संध्याकाळी शर्वरी ऑफिसातून आली आणि देवयानीला ते सगळं तिलाही पहिल्यापासून सांगावं लागलं.