कुंकू न लागलेला स्क्रू

सुबोधकाका आपली जर्मन बंदूक तिच्या नवऱ्याला, मंदारला देणार, तीही नुसती हौसेपोटी, हे चैत्रालीच्या काही केल्या गळी उतरत नव्हतं.

काका बोटीवर चीफ इंजिनिअर होते. आता नोकरी संपली होती आणि दिवाळीनंतर ते अरुणाकाकूंसह कायमचे पुण्याला परतणार होते. इथल्या बुकित तिमाह भागातल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात ती बंदूक सात वर्षं होती. पाहुण्याला ती दाखवायची, पण हातात द्यायची नाही, असा काकांचा शिरस्ता. आणि तीच बंदूक ते मंदारला देऊ करत होते. मंदारशी त्यांची ओळख इथल्या मराठी मंडळाच्या गेल्या गणपतीतली.

“भारतात नेता येत नाही म्हणून देतायत. सरळ आहे,” टॅक्सीत मंदार म्हणाला.

“मग एखाद्या म्युझियमला द्यावी.”

“तुला ना, सगळ्यात काळंबेरं दिसतं.”

“सगळ्यात नाही. एवढ्यातच.”

चैत्राली पदार्थविज्ञानाची एम.एस्सी. होती आणि मापनयंत्रं तपासणाऱ्या एका लॅबमध्ये काम करायची. बंदुकीची बोलणी सुरू झाल्यापासून तिनं लायब्ररीतून पुस्तकं आणून वाचली होती. परवान्यावरचा मजकूर तर तिला पाठच होता: तीन नळ्या, तिन्ही बुजवलेल्या, शोभेची वस्तू. तो परवाना मंदारच्या नावावर करण्याचा अर्ज सोमवारी जायचा होता. मंदारला नुकतंच पीआर, म्हणजे इथं कायम राहण्याची परवानगी, मिळालं होतं. इथं चालू स्थितीतली बंदूक विनापरवाना घरात सापडली, तर तुरुंग आणि वर वेताचे फटके. मंदार हसून म्हणायचा, “बुजवलेली आहे गं ती. काठी आणि ती सारखीच.”

त्या दिवशी खंडेनवमी होती. काकूंनी पाटावर लाल कापड घातलं होतं. त्यावर काकांचे पाने, स्क्रूड्रायव्हर, मापाचा व्हर्निअर, काकूंची विळी आणि मधोमध बंदूक, बिजागरीवर नळ्या खाली दुमडून उघडी ठेवलेली. झेंडूची फुलं सेरंगून रोडवरच्या भारतीय दुकानांतून आणलेली होती.

“जर्मन हिला ड्रिलिंग म्हणतात. म्हणजे तिळं,” काका मंदारला सांगत होते. “वरच्या दोन नळ्या छऱ्यांच्या, खालची एक गोळीची. पक्ष्यालाही चालते, रानडुकरालाही. नळ्यांच्या पोटाशी ठसे बघ. प्रत्येकावर मुकुट. खाली एस म्हणजे छऱ्यांची नळी. डब्ल्यू म्हणजे तिचं तोंड जरा आवळलेलं. जी म्हणजे आत पीळदार खाचा.”

“आणि साल?”

“तारीख घातलेली नाही, म्हणजे १९१२च्या आतली. त्यानंतर घालायला लागले.”

काका भराभर, खुशीत बोलत होते. चैत्राली वाकून ठसे मोजू लागली.

“काका, जी दोनदा आहे.”

“काय?”

“पिळाची नळी एकच ना? मग मुकुटाखालचा जी दोन ठिकाणी का?”

“मारला असेल दोनदा. माणसंच ती.”

“सरकारी तपासणीचा ठसा आहे तो. ते प्रत्येक नळी तपासून मारायचे.”

“अगं, पूजा करायची आहे का परीक्षा घ्यायची आहे?” काकू हसल्या आणि हळदीकुंकवाची कोयरी त्यांनी तिच्या हातात दिली. “लाव. सुनेसारखीच तू, तुझ्या हातचं लागू दे.”

चैत्रालीनं कुंकवाची चिमूट घेतली, पण हात तसाच राहिला. सात नवरात्रांचं कुंकू त्या लोखंडात बसलं होतं. बुजवलेल्या तिन्ही तोंडांच्या कडांना त्याची वाळलेली लाल किनार होती. नक्षीत, बिजागरीत, बारीकसारीक स्क्रूंच्या खाचांतही ते दाबून बसलेलं होतं. फक्त एका स्क्रूच्या खाचेत कुंकवाचा कण नव्हता. वरच्या दोन नळ्यांच्या मधल्या पट्टीत, मागच्या टोकाला तो बसवलेला होता. त्याची खाच चकचकीत होती.

तिनं बंदुकीतल्या, नळ्यांसमोरच्या पोलादी भिंतीकडे पाहिलं. नळ्या मिटल्या की ती त्यांच्या मागे येते आणि काडतुसाच्या बुडाला टोचणारी पिन तिच्यातल्या भोकातून बाहेर पडते. भोकं चार होती. चौथं इवलंसं, नेमकं त्या स्क्रूसमोर.

“काकू, तुम्ही ही पुसता का?”

“मी? नाही बाई. हेच पुसतात. कुंकू मात्र राहू देतात. शुभ असतं म्हणतात.”

“मग ह्याच स्क्रूतलं कुणी काढलं?”

मंदारनं एकदा काकांकडे, एकदा तिच्याकडे पाहिलं. पाटावर स्क्रूड्रायव्हर होताच, काकूंनी आधीच कुंकू लावलेला. चैत्रालीनं तो उचलला.

“राहू दे,” काका म्हणाले. “आटे खराब होतील.”

“बुजवलेल्या बंदुकीचे?”

स्क्रू पहिल्याच फिरकीत सैल झाला. मागे पेन्सिल जाईल एवढं भोक होतं. तिनं न पेटवलेली उदबत्ती घेतली आणि आत सारली. उदबत्ती आत गेली, आणखी गेली, चिमटीत धरलेलं टोक तेवढं बाहेर उरलं. कुठेही अडली नाही. बाहेर काढली तेव्हा तिला चंदनाबरोबर ताज्या तेलाचा वास येत होता.

“हे तिळं नाही, काका. नळ्या चार आहेत. आणि चौथी चालू आहे.”

काका सोफ्यावर बसले. “दोन वर्षांपूर्वी साफ करताना सापडली. बुजवणाऱ्यालाही दिसली नव्हती. परवाना होऊन पाच वर्षं झालेली. तेव्हा जाऊन काय सांगणार? इतकी वर्षं घरात होती आणि मला ठाऊक नव्हतं? कोण विश्वास ठेवेल?”

“मग आमच्यावर कुणी ठेवला असता?” चैत्रालीनं विचारलं.

“मंदारला मी सांगणारच होतो.”

“कधी? पुण्याहून?”

काकू अजून पाटासमोरच बसल्या होत्या. “दोन वर्षं मला हिच्यापुढे हात जोडायला लावलेत,” त्या हळूच म्हणाल्या. “निदान मला तरी सांगायचं.”

मंदारनं घसा खाकरला. मघापासून त्याचा हात बंदुकीच्या दस्त्यावर होता, तो त्यानं काढून घेतला. “काका, सोमवारचा अर्ज राहू द्या. आम्ही निघतो.”

“निघायचं नाही,” चैत्राली म्हणाली. “आता हे आपल्यालाही माहीत झालंय. उद्या कुणी विचारलं तर काय सांगणार, पूजेला गेलो होतो? काका, पोलिसांना फोन करा. आम्ही इथेच आहोत. बुजवणाऱ्यालाही दिसली नव्हती, हे मी सांगेन. स्क्रूमागे नळी कशी लपवलीय तेही दाखवीन.”

“आणि कुंकवाचं? मी तो स्क्रू उघडत होतो हे?” काकांनी विचारलं.

“विचारलं तर तेही सांगेन.”

काकांनी मंदारकडे पाहिलं. तो मध्ये पडेल अशी त्यांना आशा असावी, पण मंदार खाली बघत होता. शेवटी ते उठले आणि त्यांनी फोन जवळ ओढला. पोलिसांच्या शस्त्रपरवान्यांच्या ऑफिसचा नंबर त्यांनी कुठेही शोधला नाही. आकड्यांकडे न बघताच बोटं भराभर फिरली, आणि सवयीनं शेवटच्या आकड्यावर येऊन थबकली.

चैत्राली त्या बोटाकडे बघत उभी राहिली. काकांनी आकडा दाबला.