अर्धी प्रार्थना

सिनेमा दोन पुरुषांच्या प्रेमाचा, आणि त्यातला एक पक्का भाविक. देव सोडवत नाही, माणूसही सोडवत नाही, अशी त्याची गोची. दिग्दर्शक होता लंब्या, आवाजाचं काम धाकट्याकडे, आणि हे दोघे सहा वर्षं जोडीदार म्हणून एकाच घरात राहत होते. धाकट्याचे बाबा प्रार्थनाघरात चाळीस वर्षं प्रार्थना सांगणारे. सहा वर्षांत त्यांनी या घराची पायरी चढली नव्हती. आणि धाकट्या पठ्ठ्याने सिनेमा पूर्ण व्हायच्या आत त्यांनाच बघायला बोलावलं! आपल्याच पायावर धोंडा पाडून घ्यायची हौस, दुसरं काय?

"उठून गेले तर?" लंब्याने विचारलं.

"गेले तर गेले. मग पुन्हा कधी बोलावणार नाही," धाकटा म्हणाला खरा, पण त्याचा जीव टांगणीला लागला होता.

स्टुडिओतल्या छोट्या खोलीत बाबा पुढच्याच खुर्चीवर बसले. पडद्यावर मिठी झाली, बाबा बसलेले. चुंबन झालं, तरी बसलेले. मग नायक प्रार्थनेला बसला आणि बाबा ताडकन उठले.

"बंद करा हे!"

धाकट्याने सिनेमा थांबवला. संपलं सगळं.

"अरे, अशी असते का प्रार्थना? शेवटी घरातल्या सगळ्यांची नावं घ्यायची असतात. याने आईचं घेतलं, बापाचं घेतलं. ज्याच्यावर एवढा जीव टाकतोय त्याचं कुठाय? आपलं माणूस देवापासून लपवतो होय? अर्धवट कुठला!"

धाकट्याची मान खाली गेली. प्रार्थना त्यानेच लिहून दिली होती. तो स्वतःही रोज तशीच म्हणत आला होता.

"काका, तुम्हीच एकदा नीट म्हणून द्या की," लंब्या चाचरत म्हणाला. "नट तुमचं ऐकून पुन्हा म्हणेल."

बाबा आढेवेढे न घेता काचेपलीकडे माइकसमोर जाऊन बसले. वर "कोणी खोकायचं नाही" असा दमही भरला. धाकट्याने कानांना हेडफोन लावले. प्रार्थना संपत आली. बाबांनी बायकोचं नाव घेतलं, मुलाचं घेतलं आणि अडले.

"याचं खरं नाव काय रे? देवापुढे लंब्या कसं म्हणू?"

धाकट्याने लंब्यालाच काचेपुढे ढकललं. मग लंब्यानेच सांगितलं, अख्ख्या स्टुडिओला ऐकू जाईल असं ओरडून.