पट्टीखालचं पोट

सिस्टरने भिंगरीच्या पोटावर भलीमोठी पांढरी पट्टी चिकटवली.

"मला कापलंच नाही, मग ही कशाला?" भिंगरी कुरकुरली.

"डॉक्टरांना फसवायला," सिस्टर डोळे मिचकावत म्हणाली.

वॉर्डात अपेंडिक्सवर संशोधन चाललं होतं. निम्म्या मुलांचं ऑपरेशन, निम्म्यांना नुसती औषधं. कुणाला काय, ते कॉम्प्युटर ठरवायचा. रोज तपासायला येणाऱ्या डॉक्टरला ते कळता कामा नये, नाहीतर त्याचं मत एका बाजूला झुकायचं. म्हणून पट्टी सरसकट सगळ्यांना. भिंगरीच्या वाट्याला औषधं आली, तेव्हा आईचा जीव भांड्यात पडला होता. नवऱ्याला तिने यातलं अवाक्षरही सांगितलं नव्हतं. त्याची थोरली बहीण ऑपरेशनच्या टेबलावरच गेली होती. "पोरीला सुरी लावायची नाही," एवढं बजावून तो कामावर गेला होता.

डॉक्टर तपासायला वाकले आणि नेमका तो दारात उभा राहिला. वेल्डर माणूस, हात नव्हे, लोखंडी पकडीच. त्याची नजर पट्टीवर खिळली.

"कापलंत?"

"अहो, ऐका तरी..."

"तू गप्प! डॉक्टर, तुम्हाला विचारतोय. कापलंत माझ्या पोरीला?"

डॉक्टरांनी खरं तेच सांगितलं. "मला माहीत नाही."

"माहीत नाही? पोट फाडता आणि माहीत नाही?"

पहिल्याच ठोशात चष्मा फुटला. दुसऱ्यात नाक. डॉक्टर सलाइनच्या स्टँडसकट कोसळले. त्याने त्यांचा उजवा हात ओढून कॉटच्या दांडीवर दाबला. "याच हाताने ना?" काडकन आवाज झाला. आई त्याच्या पाठीवर लटकली. त्याने तिला अशी झटकली की तिचं तोंड लॉकरवर आपटलं आणि जिभेवर रक्ताची खारट चव आली. सिस्टर वॉचमनला हाका मारत पळाली. साऱ्या वॉर्डातली पोरं भोकाड पसरून रडत होती. त्याने स्टँड उचलून डोक्यावर धरला.

आईने भिंगरीच्या पोटावरची पट्टी टराटरा ओढली.

"अरे, बघ! डोळे फुटलेत का तुझे? कुठं कापलंय?"

लग्नानंतर पहिल्यांदाच ती त्याला अरे-तुरे करत होती. पोट कोरं होतं, साधा ओरखडाही नव्हता. स्टँड हळूहळू खाली आला. खात्री करायला त्याने पोटावर पंजा दाबला आणि उचलला. भिंगरी अशी किंचाळली की तो दोन पावलं मागेच सरला.

"हात उचलल्यावर ओरडली?" जमिनीवरून डॉक्टरांनी विचारलं. नाकातून धार लागली होती.

"हो."

"पोट कसं लागलं?"

"पत्र्यासारखं," तो पुटपुटला.

"मग औषध हरलं. अपेंडिक्स फुटलंय. आत्ताच्या आत्ता कापायला हवं."

"मग कापा की, साहेब! पाया पडतो!"

डॉक्टरांनी उजवा हात वर केला. दोन बोटं भलतीकडेच वळली होती. "कशाने कापू? दुसरे सर्जन आत एका ऑपरेशनात अडकलेत."

आई नवऱ्यावर तुटून पडली. छातीवर, तोंडावर, मिळेल तिथे मुठी हाणत राहिली. त्याने हात वर केला नाही. वॉचमननी दोघांना ओढून वेगळं केलं तेव्हा तिच्या नखांत त्याच्या गालाची कातडी होती.

"नव्या डॉक्टरीणबाईंना बोलवा," डॉक्टर भिंतीला धरून उठले. "हात तिचे, तोंड माझं. तेवढं शाबूत आहे अजून."

ऑपरेशनच्या खोलीबाहेर आई दाराला कान लावून उभी राहिली. "खाली. अजून खाली. थरथरू नकोस गं, बाई. पू आहे, ओढून घे. ओढ म्हणतो ना!" डॉक्टर खेकसत होते, तोवर लेक जिवंत होती. पलीकडे वॉचमनच्या तावडीत बाप गुडघ्यांत डोकं घालून बसला होता. त्याच्याकडे बघितलं असतं, तर पुन्हा हात उठला असता तिचा.

मग आवाज थांबला.

दार ढकललं गेलं आणि सिस्टर घाईने बाहेर आली.

"मोठी पट्टी कुठे ठेवलीय गं?" तिने दुसऱ्या सिस्टरला ओरडून विचारलं. "टाके झाले. पोरगी छान श्वास घेतेय. आण लवकर."