झडतीसरांचं जाकीट

"केसांतल्या पिना काढ."

"सर, प्लास्टिकच्या आहेत."

"दिसतात प्लास्टिकच्या. आत तार असते. काढ."

शिष्येने केस मोकळे सोडले आणि पिना सरांच्या तळहातावर ठेवल्या. झडतीसरांनी खिशातून छोटं होकायंत्र काढून एकेक पिन त्याच्याजवळ नेली. काटा ढिम्म. मग बूट झाले, चष्म्याची दांडी झाली, पॅंटचं बटण झालं. काटा तरीही ढिम्म. सरांचं समाधान व्हायच्या ऐवजी त्यांची चीडच वाढली. लोखंड कुठेतरी आहे हे नक्की होतं आणि ते हिच्याकडेच असणार, हेही त्यांच्या लेखी नक्की होतं.

झडतीसर हे नाव विद्यार्थ्यांनी ठेवलेलं. ते सरांच्या कानावर आलं होतं आणि त्यांना मनापासून आवडलंही होतं. जमिनीत गाडल्या गेलेल्या भिंती, चुली, भट्ट्या न खणता शोधायच्या, हे त्यांचं काम. चुंबकमापक सरांनी स्वतः हातात धरायचा, शिष्येने दोऱ्या सरकवत बरोबर राहायचं; शेतात ताणलेल्या दोरीच्या कडेने या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचं, वळायचं, शेजारच्या दोरीने परत यायचं. भाजलेली माती थंड होताना त्या वेळची उत्तर दिशा धरून बसते आणि पुढे हजारो वर्षं सोडत नाही. यंत्राला ते कळतं. मात्र दोघांपैकी कुणाच्याही अंगावर एखादी टाचणी जरी राहिली, तरी यंत्र माती सोडून टाचणीच्याच नादी लागतं. म्हणून झडती.

तरुणपणी ते नुसते रसायनशास्त्रज्ञ होते. मातीत आम्ल घालून, तिचा रंग निळा होतो का ते बघून, इथे माणसं राहत होती की नाही हे सांगायचे. उत्खननवाले त्यांना 'बाटलीवाला' म्हणायचे आणि चहाच्या वेळी हसायचे. पुढे एकदा सगळं खातं ज्या रेघेला प्राचीन तटबंदी म्हणून मिरवत होतं, ती रेघ सरांनी पाण्याची जुनी पाइपलाइन ठरवली. खणल्यावर पाइपच निघाला. त्या दिवसापासून हसणारे गप्प झाले आणि सरांना विचारल्याशिवाय कुदळ पडेनाशी झाली. संशयावरच त्यांनी सगळं आयुष्य उभं केलं होतं, आणि ते चांगलं उभं राहिलं होतं.

पण गेल्या काही महिन्यांत सगळीकडेच पाणी मुरायला लागलं होतं. शेतातल्या खुंट्या कुणीतरी हलवून ठेवायचं. परवा मातीचा नमुना निळा होईना, म्हणजे कुणीतरी बाटली बदललेली. शिष्येने तोच नमुना पुन्हा केला तर निळाशार! त्याआधी बसवाल्यांनी न सांगता रस्ता बदलला होता आणि सर त्यांच्या जुन्या, केव्हाच सोडलेल्या घरापाशी उतरले होते. बायको तिथे घ्यायला आली तेव्हा ती रडत का होती, हे त्यांना कळलं नव्हतं.

आणि आज सकाळी हे. शिष्या रोज नकाशा करून दाखवायची, तो कसा स्वच्छ, मधोमध भट्टीचा गोल डाग. आज सरांनी तिच्या नकळत मूळ आकडे उघडले. सगळ्या शेतभर पट्टे होते. एक काळा, एक पांढरा. जाताना काळा, येताना पांढरा. चालणाऱ्याच्या आसपास लोखंड असल्याची खूण.

"आकडे धुतलेस तू," सर म्हणाले.

"पट्टे काढले, सर. सगळेच काढतात."

"सगळे काढतात. मी काढत नाही. पट्टा आला तर लोखंड शोधायचं, पुसायचं नाही. हेच शिकवलं ना तुला?" सरांचा आवाज चढला. "मला वेड्यात काढून माझ्या जागेवर बसायची घाई झाली आहे. संध्याकाळी संचालकांना फोन करतो. आकडे धुणाऱ्या माणसाच्या हाती मी ही जागा देणार नाही."

शिष्येचा चेहरा उतरला. सर निवृत्त झाले की ती जागा तिला मिळणार, हे ठरल्यात जमा होतं. त्यासाठी तिने दोन चांगल्या नोकऱ्या नाकारल्या होत्या. सरांचा एक फोन गेला की सगळं मुसळ केरात.

"करा फोन," ती हळूच म्हणाली. "पण त्याआधी एकदा होकायंत्र तुमच्या जाकिटाजवळ धरा."

"माझ्या?" सरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "हे जाकीट माझ्या बायकोने शिवलंय. लाकडी बटणं, चेन नाही, हूक नाही. तुझ्या आधीपासून हे शेतात फिरतंय. चल, जा, जेवून घे."

ती गेली. सर तंबूत एकटेच बसले. डबा उघडलाच नाही. मग, केवळ तिचं तोंड बंद करता यावं म्हणून, त्यांनी जाकीट काढलं, टेबलावर पसरलं आणि त्यावरून होकायंत्र फिरवलं.

डाव्या खिशाच्या खाली काटा गर्रकन वळला.

सरांनी पुन्हा फिरवलं. पुन्हा वळला. त्यांनी चाकूने अस्तर उसवलं. आतून एक गोल, पांढरी, गुळगुळीत चकती निघाली. ती काय आहे ते त्यांना लगेच कळलं. लोक असल्या चकत्या बॅगांना लावतात, म्हणजे हरवलेली बॅग फोनवर दिसते. आत सेल असतो आणि आवाज करायला इवलंसं चुंबक. पहिला विचार आला तो शिष्येचाच. जाकीट तंबूत टांगलेलं असतं, हिनेच घातली. बरी सापडली! त्यांनी संचालकांना लावायला फोन उचललासुद्धा.

मग त्यांची नजर उसवलेल्या शिवणीवर गेली. बारीक उलटी टीप, शेवटी एकावर एक दोन गाठी. ही गाठ त्यांच्या शर्टांवर, उशांवर, लेकीच्या झबल्यांवर होती. त्यांनी फोन बायकोला लावला.

"जाकिटात काय घातलंस तू?"



"सापडलं का," बायको म्हणाली.

"अगं, लोखंड चालत नाही मला. इतकी वर्षं..."

"मला नाही माहीत? सुईसुद्धा मोजून परत डबीत ठेवायचे मी ते शिवताना. अहो, तुम्ही त्या जुन्या घराच्या दारात उभे होतात. नव्या माणसांना विचारत होतात, माझ्या घरात कसे शिरलात म्हणून. दुपारपासून शोधत होतो आम्ही. डॉक्टरांनी सांगितलं ते तुम्ही ऐकूनच घेत नाही, त्यांच्यावरही संशय. मग काय करू? तुमचा नकाशा बिघडला तर बिघडू दे. मला तुम्ही सापडायला हवे आहात."

"बस चुकली होती," सर म्हणाले.

"हो," ती म्हणाली. "बस चुकली होती."

फोन ठेवल्यावर सर चकतीकडे बघत राहिले. त्यांना भीती वाटली. जत्रेत हात सुटलेल्या पोराला वाटते तशी, साधी भीती. खुंट्या कुणी हलवल्या नव्हत्या. बाटली कुणी बदलली नव्हती. आयुष्यभर त्यांनी सगळ्यांच्या अंगावर होकायंत्र धरलं, आणि काटा वळला तो त्यांच्याच जाकिटावर.

शिष्या दोरीजवळ उभी होती. सर तिच्यापाशी गेले, मूठ उघडून चकती दाखवली.

"तुला माहीत होतं?"

"काकूंनी सांगितलं होतं, अशी काहीतरी वस्तू घेतली आहे म्हणून. कुठे ठेवली ते नव्हतं सांगितलं. पट्टे आले तेव्हा कळलं."

"मग बोलली का नाहीस? चोर ठरवत होतो मी तुला."

"ठरवा की, सर. पहिल्या वर्षी माझ्या दातातल्या चांदीवरही संशय घेतला होता तुम्ही." ती हसली, पण डोळे भरले होते. "काय बोलणार होते मी? पट्टे काढणं सोपं होतं."

सरांनी मान हलवली. त्यांना तिची क्षमा मागायची होती. त्यांनी चुंबकमापक उचलला आणि तिच्या हातात दिला. आजवर तो त्यांनी कुणाला दिला नव्हता.

"मूळ आकडे ठेव. ते पट्ट्यांचे. पुसू नकोस," ते म्हणाले. "आणि आज सगळं शेत पुन्हा चाल. पहिल्यापासून."

"जाकीट गाडीत ठेवू का, सर?"

"नको." सरांनी चकती डाव्या खिशात टाकली, जाकीट अंगात घातलं आणि एकेक लाकडी बटण लावलं. "घरी दिसायला हवं ना, मी कुठे आहे ते."

मग ते स्वतःच शेताबाहेर निघाले. बांधापाशी थांबून वळले. शिष्येने यंत्राकडे पाहिलं, आकडा अजून थरथरत होता.

"अजून थोडं मागे, सर."

ते मागे सरकले.

"अजून."

ते पुन्हा मागे सरले, बांध ओलांडून पलीकडच्या पडीक जमिनीत. तिने हात वर केला.

"बास, सर. तिथेच थांबा."

"पिना काढल्यास ना?" त्यांनी ओरडून विचारलं.

तिने केसांतून हात फिरवून रिकामे तळवे त्यांना दाखवले आणि चालायला लागली. सर तिथेच उभे राहिले, खिशावर हात ठेवून, ती त्या टोकाला जाऊन वळेपर्यंत.