थ्रॅशर साहेबाचा थांबा

आधीच सांगते, मला थ्रॅशरला चिखलातून पायी जाताना बघायचं होतं. गाडी वाचली ते चांगलंच झालं, पण माझा जीव अडकला होता तो ह्यात.

टॅमरॅक व्हॅलीच्या आमच्या लाइनवर सासऱ्यांच्या वेळी रोज सहा गाड्या जायच्या. माझं लग्न झालं तेव्हा चार होत्या आणि एकीला जेवणाचा डबाही होता. मग वेंडेल थ्रॅशर मोठा साहेब म्हणून आला. कंपनीला लाकडाच्या मालगाड्या हव्या होत्या, माणसं नको होती. पण उतारू असताना गाडी बंद करायला सरकार परवानगी देत नाही. म्हणून ह्या मेल्याने आधी उतारू पळवले! डब्यांतल्या शेगड्या काढल्या. आमची गाडी ब्रँटफील्डला पोचायच्या दहा मिनिटं आधी शहराची गाडी सुटेल असं वेळापत्रक लावलं. खेड्यांतल्या तिकीटखिडक्यांना फळ्या ठोकल्या. लहान थांब्यांवर झेंडा दिसला तरच गाडी थांबते. त्यावर हुकूम काढला: झेंडा लावायचा तो फक्त तिकीटवाल्यासाठी. रेल्वेच्या पासावर फिरणारा उतारू नव्हे. त्याच्यासाठी गाडी थांबणार नाही.

माझा नवरा अँसेल त्या गाडीवर एकतीस वर्षं कंडक्टर होता. दोन वर्षांपूर्वी, भर जानेवारीत, डेलिया पॉक तापाने फणफणलेलं पोर घेऊन आमच्या पेक्स मिलच्या थांब्यावर उभी राहिली. नवरा रुळांवरचा मजूर, म्हणजे तिच्याकडे पास. झेंडा नाही. तिने शाल हलवली आणि अँसेलने गाडी थांबवली. पोर वाचलं. अँसेलला दोन ओळींची चिठ्ठी आली, खाली थ्रॅशरची सही. त्या दिवसापासून अँसेल स्वयंपाकघरातल्या खिडकीशी बसून असायचा. कंडक्टरचं घड्याळ बंद पडलं की त्याला चैन पडत नाही, पण ह्याने किल्ली देणंच सोडलं. मी त्या घड्याळाकडे बघायची आणि माझं रक्त उकळायचं.

आमचं घर रुळांना लागूनच, त्यामुळे थांब्याचा हिरवा-पांढरा झेंडा माझ्याच ताब्यात असायचा. एका झेंड्यासाठी दुसरं माणूस कोण ठेवतंय!

ह्या एप्रिलमध्ये साहेबाने अर्ज केला की उतारू नाहीत, गाड्या बंद करू द्या. सुनावणी ब्रँटफील्डला, सकाळी दहाला. अर्जदार वेळेवर हजर नसेल तर अर्ज रद्द. आता एप्रिलमध्ये आमच्याकडे रस्ता म्हणून काही उरत नाही. बर्फ वितळतं आणि मोटार आसापर्यंत रुतते. साहेबाला आपल्याच गाडीने यावं लागणार होतं. हे मला होलिसने सांगितलं. तो पूर्वी अँसेलच्या हाताखाली होता, आता त्याच गाडीवर कंडक्टर झालाय.

आमच्या टेलिफोनच्या एका तारेवर अकरा घरं. मी एकीलाच फोन केला. बाकीच्या नऊ जणी नेहमीसारख्या कान लावून होत्याच. शनिवारी सगळ्यांनी गिलियडच्या, तेवढ्या एका उघड्या राहिलेल्या खिडकीवरून तिकिटं आणली, बहुतेकींनी आपल्या थांब्यापासून पुढच्या थांब्यापर्यंतची, आम्ही दोघीतिघींनी थेट ब्रँटफील्डची.

त्या सकाळी तेराच्या तेरा थांब्यांवर झेंडा होता.

मी पेक्स मिलला चढले तेव्हा साहेब कोटाची कॉलर वर करून वकिलाशेजारी कुडकुडत बसला होता. शेगड्या त्यानेच काढल्या होत्या ना! पुढच्या थांब्यावर कोंबड्यांची सहा खुराडी चढली. त्याच्या पुढे मागाचे सुटे भाग, त्याच्या पुढे विधवा ट्रिफिना गूजची पायपेटी. ती दारातून आत जाईना, मग बाहेर येईना.

"होलिस!" साहेब ओरडला. "पुढच्या थांब्यावर थांबायचं नाही!"

"झेंडा आहे, साहेब."

"मी सांगतोय ना!"

"मग लिहून द्या की. अँसेलला तुम्ही दोन ओळी लिहून दिल्या होत्या, मला एकच पुरे."

वकिलाने साहेबाचा हात धरला. झेंडा असून गाडी थांबली नाही असं सुनावणीच्या दिवशी लिहून कोण देणार? साहेब दातओठ खात खाली बसला. एक कोंबडी त्याच्या बुटांशी येऊन बसली.

सव्वानऊची गाडी दहा पन्नासला पोचली. अर्ज रद्द झाला होता. सुनावणीच्या अधिकाऱ्याने खिडकीतून पायपेटी उतरताना बघितली आणि म्हणाला, "उतारू नाहीत म्हणत होता ना तुम्ही?"

दुपारच्या गाडीने आम्ही परत निघालो. वकील शहराला गेला, साहेब एकटाच होता. पेक्स मिलला मी उतरले, तर हा माझ्यामागून खाली!

"हे तुझं काम आहे, ऑर्फा व्हिटकॉम! तुझ्या नवऱ्याला काढलं म्हणून!"

"हो," मी म्हटलं. "म्हणूनच."

तो बोटं नाचवत बोलत राहिला. होलिसने घड्याळ बघितलं, हात केला आणि गाडी सुटली. साहेब थोडा पळाला. पळून काय होतंय! गिलियड आठ मैल, आणि मधे नुसता चिखल.

"सहा पाचला शेवटची गाडी आहे," मी म्हटलं. "बसा बाकावर."

"झेंडा लाव मग."

"तिकीट दाखवा."

त्याने खिशातून पास काढला. साहेबांचा, सोनेरी कडांचा.

"पासवाला उतारू नव्हे, साहेब. तुमचाच हुकूम आहे, आमच्या दारावर चिकटवलाय."

"मग तिकीट दे मला!"

"खिडकीवर मागा." मी फळ्यांकडे बोट केलं.

झेंडा मी घरात नेला, मांडीवर घेतला आणि त्याची उसवलेली कड शिवत बसले. अँसेल तीन तास खिडकीतून बाकाकडे बघत होता. मला धाकधूक होती. हा भला माणूस, उठून झेंडा मागेल. मागितला असता तर मला द्यावा लागला असता, आणि मी त्याला जन्मभर माफ केलं नसतं.

सहा वाजून गेल्यावर वळणावर शिटी झाली. साहेब रुळांपाशी गेला आणि हॅट हलवायला लागला. आधी एका हाताने, मग दोन्ही हातांनी. डेलियानेही शाल अशीच हलवली होती.

गाडी थांबली नाही. डब्यांच्या खिडक्या एकेक करून त्याच्यापुढून निघून गेल्या. मग त्याने पँट वर खोचली आणि चिखलात पहिलं पाऊल टाकलं. ते घोट्याच्या वर गेलं.

अँसेलने बंडीच्या खिशातून घड्याळ काढलं. भिंतीवरचं घड्याळ बघून काटे लावले, किल्ली दिली, कानाशी धरलं.

"सहा पाच," तो म्हणाला. "वेळेवर गेली."

मी दोरा तोडला आणि त्याला कॉफी करायला उठले.