मुकं मोडेम

नवं मोडेम आलं आणि काशिनाथमास्तरांचा रविवार नासला.

तसं ते मोठ्या कौतुकानं आलं होतं. लेक वर्षा लग्न होऊन अमेरिकेला गेली तेव्हा बापाच्या गळ्यात एक कॉम्प्युटर मारून गेली. दर रविवारी संध्याकाळी, म्हणजे तिच्या सकाळी, दोघांनी त्यावर गप्पा मारायच्या असं ठरलं. मास्तर म्हणजे रंगमास्तर; त्यांची हयात पलसाण्याच्या मिलमध्ये साड्यांचे रंग जुळवण्यात गेलेली. कळफलकावर ते एका बोटानं इंग्रजी अक्षरांत मराठी टिपत बसत. त्यांचं 'जेवलीस का' लिहून होईपर्यंत तिचा चहा संपायचा. पण बायको, सरलाबाई, गेल्यापासून बमरोलीच्या त्या घरात त्यांच्याशी बोलणारं दुसरं कोणी नव्हतं. आठवड्याचे बाकीचे दिवस आपण रविवारची वाट बघतो, हे त्यांनी वर्षाला कधी कळू दिलं नाही.

जुनं मोडेम फोनची लाइन जोडताना असं किंचाळायचं की गल्लीतली कुत्री उठून बसायची. त्याचे किस्से ऐकून जावईबापूंनी ओळखीच्या माणसाबरोबर नवं पाठवलं, वेगवान आणि आवाज बंद करून ठेवलेलं. रिंगरोडवरच्या मगनभाईंच्या कॉम्प्युटरच्या दुकानात मास्तर जुनं देऊन आले. नवं मोडेम गुपचूप लाइन जोडायचं, आणि मनात आलं की गुपचूप तोडायचं. कधी अख्खा तास नीट चालायचं, कधी दोन वाक्यांत राम म्हणायचं.

मिलमध्ये रंग बिघडला की मास्तर एकदम सगळं बदलत नसत. आधी पाणी बघायचं, मग मीठ, मग वाफ. जे नव्यानं बदललंय त्याच्यावर पहिला संशय. इथंही त्यांनी तेच केलं. वायर बदलली, मग भिंतीवरची फोनची पेटी बदलली. लाइनमन आला, त्यानं चहा घेतला आणि लाइन स्वच्छ आहे, दोष कॉम्प्युटरचा आहे म्हणून निघून गेला. मास्तर मोडेम पिशवीत घालून मगनभाईंकडे गेले, तर तिथं ते शहाण्या बाळासारखं दिवसभर चाललं. मगनभाईंनी हात वर केले आणि म्हणाले, "काका, लाइनमां लोचो छे." मास्तरांना वाटलं, लाइनमन आणि मगनभाई दोघांना एका खोलीत कोंडावं आणि कडी घालावी.

त्यात वर्षानं एका रविवारी लिहिलं, "बाबा, असं अर्धवट बोलण्यापेक्षा राहू दे. सणावाराला मी फोन करत जाईन." मास्तर उत्तर टिपायला लागले आणि लाइन गेली. ते 'राहू दे' आठवडाभर त्यांच्या डोक्यातून गेलं नाही. शेवटी त्यांनी तिला मेल केला की दुरुस्ती चालू आहे, अजून एक रविवार बघू. बरं, एक रविवार, असं तिचं उत्तर आलं.

त्या रविवारी ते आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून बसले. वर्षा आली. तिकडे थंडी पडलीय, स्वेटर घेतलाय, असं काहीबाही लिहीत होती आणि मास्तरांना तेवढंच हवं होतं. त्यांनी 'रंग कोणता' असं टिपलं, आणि लाइन गेली.

टोन तरी आहे का बघावं म्हणून त्यांनी चटकन रिसीव्हर उचलला. टोन नव्हता. कोणाचा तरी श्वास ऐकू येत होता, आणि त्यामागं कुकरची शिट्टी झाली. तीच शिट्टी त्यांना दुसऱ्या कानानं भिंतीतूनही ऐकू आली.

ते रिसीव्हर हातात धरून भिंतीकडे बघत राहिले. भिंतीत एक भोक होतं आणि त्यातून एक वायर शेजारच्या मंगलाबाईंकडे गेली होती. मंगलाबाई त्यांच्याच बाजूच्या, खानदेशातल्या. मुलगा धुळ्याला, इथं त्या एकट्या. बाईंचे गावाकडचे फोन मास्तरांच्याच नंबरावर यायचे, आणि दरवेळी हाका मारत कोण जाणार, म्हणून सरलाबाईंनीच त्याच लाइनवर तिकडे दुसरा फोन जोडून घेतला होता. मास्तरांनी घरातलं सगळं तपासलं होतं, पण ही वायर पूर्वीपासूनची, तिच्याकडे त्यांचं लक्षच गेलं नव्हतं. तिकडे कोणी रिसीव्हर उचलला की इकडे मोडेमची लाइन तुटणारच.

ते तणतणत शेजारी गेले. चोरून ऐकता का, हे शब्द अगदी ओठावर होते. सरलाबाईंच्या माघारी मंगलाबाईंनी मास्तरांचा उंबरा ओलांडला नव्हता, मास्तरांनीही बाईंचा नाही. एकटा पुरुष, एकटी बाई. गल्लीला तेवढं पुरतं. दार उघडून बाई पदर सावरत उभ्या राहिल्या. फोन तुम्ही उचलता का, एवढंच मास्तरांनी विचारलं.

"हां भाऊ, मीच उचलस," बाई म्हणाल्या. "पहिले तुमनं मशीन वरडे, मंग माले समजे, भाऊ घरमा शे, चांगला शे. आते काहीच आवाज येत नही. म्हणीसन फोन उचलीसन देखस. खरखर वनी का समजस, बोली ऱ्हायनात." फोनमध्ये खरखर ऐकू आली की मास्तर ठीक आहेत, एवढाच त्यांचा हिशेब. मग खाली बघून त्या हळूच म्हणाल्या, "सरलाबाई पडनी तवय माले काही आयकूच वनं नही."

सरलाबाई मोरीत पडल्या तेव्हा मास्तर मिलमध्ये होते. संध्याकाळी ते परतेपर्यंत त्या तशाच पडून होत्या, आणि तोवर उशीर झाला होता. भिंतीपलीकडे बाई दिवसभर गहू निवडत बसलेल्या. हे मास्तरांना ठाऊक होतं. बाई ते अजून उराशी धरून आहेत, हे मात्र ठाऊक नव्हतं. त्यांचा राग पार उतरला. त्यांना रडू येईलसं वाटलं, म्हणून ते कुकरचं काहीतरी बोलून परत आले.

दुसऱ्या दिवशी ते मगनभाईंकडे गेले आणि आवाज चालू करून मागितला. सगळे बंद करायला येतात, चालू करायला आलेले तुम्हीच पहिले, असं म्हणून मगनभाई हसले. भिंतीतली वायर काढून टाकली असती तरी काम झालं असतं. मास्तरांनी तिला हात लावला नाही.

लाइन आता कटणार नाही, असा मेल त्यांनी वर्षाला त्याच दिवशी केला. रविवारी नंबर लावला तेव्हा मोडेम जीव खाऊन किंचाळलं. भिंतीपलीकडे बाईंच्या टीव्हीचा आवाज बारीक झाला. लाइन जोडली गेली, आणि या वेळी ती तासभर हलली नाही. वर्षा मात्र आली नाही. कुठं बाहेर गेली असेल, मेल वाचला नसेल, असं मास्तर स्वतःला समजावत होते. रिकाम्या पडद्यावर त्यांनी 'स्वेटरचा रंग कोणता' असं टिपून ठेवलं आणि आणखी थोडा वेळ वाट पाहिली. मग लाइन तोडली.

पुढच्या रविवारीही ती आली नाही. त्याच्या पुढच्या रविवारी मास्तरांनी पडदा फार वेळ बघितला नाही. नंबर लावला, मोडेमला पोटभर ओरडू दिलं, आणि पलीकडचा टीव्ही बारीक झाल्यावर लाइन तोडून ते भात टाकायला उठले.